वायफाय घरचं, कनेक्शन नावावर : पासवर्ड गावभर झाला तर जाब कोणाला विचारणार?

पनवेल : तालुक्यातल्या गावागावांत आता घरटी वायफायचा डबा दिसू लागला आहे. लॉकडाऊनमध्ये पोरांच्या ऑनलाइन शाळेसाठी घेतलेलं कनेक्शन नंतर टीव्हीला, सीसीटीव्हीला, दुकानाच्या क्यूआर कोडला आणि वर्क फ्रॉम होमला लागलं. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं, २५ डिसेंबरपासून विमानं उडू लागली. उलवे, करंजाडे, विचुंबे, सुकापूर या पट्ट्यात भाड्याच्या खोल्यांना मागणी आहे आणि खोली बघायला येणारा पाण्यानंतर दुसरा प्रश्न वायफायचाच विचारतो.

कनेक्शन मिळणं आता सोपं झालं आहे. केबलवाला येतो, भिंतीला भोक पाडतो, डबा लटकवतो, पासवर्ड म्हणून घरमालकाचा मोबाइल नंबर टाकतो आणि अर्ध्या तासात निघून जातो. त्यानंतर दोन तक्रारी ठरलेल्या असतात. पहिली, "नेट चालतच नाही, पैसे मात्र पूर्ण घेतात." दुसरी तक्रार सहसा कुणी करत नाही, कारण ती कळतच नाही : आपल्या नावावरच्या कनेक्शनवर नेमकं कोण कोण बसलंय, याचा घरात कुणालाच पत्ता नसतो.

या दोन्ही दुखण्यांचं मूळ बऱ्याचदा एकच असतं. पहिल्या दिवशी जशी जोडणी झाली तशीच ती वर्षानुवर्षं राहते. दुसऱ्या दुखण्याची किंमत काय असते, हे पनवेलपासून हार्बर मार्गावर आठव्या स्टेशनवर, सानपाड्यात, २००८ मध्ये दिसलं होतं.

सानपाड्यात काय घडलं होतं

२६ जुलै २००८ ला अहमदाबादेत साखळी बॉम्बस्फोट झाले. ५६ माणसं गेली. पहिला स्फोट होण्याच्या काही मिनिटं आधी वृत्तसंस्थांना इंडियन मुजाहिदीनच्या नावाने एक ईमेल आला होता. हा मेल कोणत्या इंटरनेट कनेक्शनवरून गेला याचा माग काढत महाराष्ट्र एटीएस सानपाड्यातल्या एका इमारतीत पोहोचलं. कनेक्शन तिथे राहणाऱ्या एका अमेरिकन नागरिकाच्या घरातलं होतं.

त्याच्या वायफायला पुरेसं संरक्षण नव्हतं. घरातले संगणक तपासणीसाठी गेले, चौकशी झाली, त्याचं नाव जगभरच्या बातम्यांत आलं. पुढे त्याच्यावर या प्रकरणात आरोप ठेवला गेला नाही. ऑक्टोबर २००८ मध्ये मुंबई गुन्हे शाखेने पुण्यातल्या एका संगणक अभियंत्यासह काही जणांना पकडलं. लॅपटॉप घेऊन फिरत दुसऱ्यांच्या वायफायमध्ये शिरून हे मेल पाठवले गेले, असं पोलिसांचं म्हणणं होतं. त्याच मालिकेतला एक मेल माटुंग्यातल्या कॉलेजच्या नेटवर्कवरून, तर दिल्लीच्या १३ सप्टेंबरच्या स्फोटांवेळचा मेल चेंबूरमधल्या एका कंपनीच्या नेटवर्कवरून गेल्याचं तपासात पुढे आलं. अहमदाबाद खटल्याचा निकाल लागायला फेब्रुवारी २०२२ उजाडलं. विशेष न्यायालयाने ४९ जणांना दोषी धरलं.

या प्रकरणानंतर यंत्रणा हलल्या. जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांनी उघडी वायफाय शोधण्याची मोहीम घेतली. फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने इंटरनेट कंपन्यांना ग्राहकांच्या वायफायच्या सुरक्षेबद्दल सूचना काढल्या. पण सूचना कंपनीला गेली तरी डबा घरातच असतो आणि त्याचा पासवर्ड घरातलाच माणूस वाटत असतो.

मालक गुन्हेगार ठरतो का?

नाही. दुसऱ्याने आपलं वायफाय वापरून गुन्हा केला म्हणून कनेक्शनचा मालक आपोआप आरोपी होत नाही. गुन्हा कुणी केला, हे तपासात सिद्ध व्हावं लागतं.

पण तपास सुरू होतो तो नावापासून. इंटरनेटवर गेलेल्या प्रत्येक कनेक्शनला एक पत्ता असतो, त्याला आयपी ॲड्रेस म्हणतात. अमुक वेळेला हा पत्ता कोणत्या ग्राहकाकडे होता, याच्या नोंदी कंपनीला ठेवाव्या लागतात. ओटीपी फसवणूक असो, कुणा मुलीचं खोटं इन्स्टाग्राम खातं असो की व्हॉट्सॲपवरची धमकी असो, पोलीस कंपनीला विचारतात आणि कंपनी ज्याच्या आधार कार्डावर कनेक्शन आहे त्याचं नाव देते. त्या खोलीतल्या भाडेकरूचं किंवा पलीकडच्या आळीतल्या पोराचं नाव कंपनीकडे नसतंच.

म्हणजे पहिला फोन, पहिली नोटीस आणि पहिली पोलीस ठाण्याची फेरी नावावर असलेल्या माणसाची. मोबाइल, लॅपटॉप तपासाला गेले तर ते लगेच परत मिळतील याची खात्री नाही. दुकानाचा सगळा हिशेब त्याच मोबाइलमध्ये असला तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको. आपलं सिमकार्ड कुणी मागितलं तर गावात कुणी देत नाही. वायफायचा पासवर्ड मात्र पाहुण्याला चहाबरोबर दिला जातो.

मोबाइल नंबरचा पासवर्ड का नको

बहुतेक घरांत पासवर्ड असतो मालकाचा दहा आकडी मोबाइल नंबर. दहा आकडे म्हणजे भक्कम, असं वाटतं. पहिली अडचण म्हणजे तो नंबर दुकानाच्या पाटीवर, लग्नपत्रिकेवर, ट्रॅक्टरच्या मागे लिहिलेला असतो.

दुसरी अडचण जरा तांत्रिक आहे. भारतातला मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९ नेच सुरू होतो. म्हणजे एकूण शक्यता ४०० कोटी. माणसाला हा आकडा मोठा वाटतो, संगणकाला वाटत नाही. मोबाइल वायफायला जोडला जाताना हवेत जी देवाणघेवाण होते ती पकडून ठेवायची आणि नंतर घरी बसून एकेक नंबर ताडून बघायचा, हे गेमिंगसाठी घेतलेल्या चांगल्या संगणकावर काही तासांचं काम आहे. त्यासाठी घराबाहेर रात्रभर उभं राहावं लागत नाही.

त्यापेक्षा एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द जोडून पासवर्ड करावा. भाजीचं नाव, गावाबाहेरच्या एखाद्या जागेचं नाव, एखादं अवजार आणि एक आकडा. घरच्यांच्या लक्षात राहतो आणि संगणकाला ताडायला अवघड जातो. मुलांची नावं, जन्मतारीख, कुलदैवत आणि गाडीचा नंबर टाळावा, कारण गावात हे सगळ्यांना ठाऊक असतं.

डब्याला दोन कुलपं असतात

हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. एक पासवर्ड वायफाय जोडण्याचा. दुसरा पासवर्ड डब्याच्या आत, सेटिंगमध्ये शिरण्याचा. हा दुसरा कंपनीतून येताना अनेक डब्यांवर "ॲडमिन" असाच असतो आणि तो कुणी बदलत नाही. म्हणजे पुढच्या दाराला कुलूप आणि परसदार सताड उघडं.

या परसदारातून काय होतं, याची उदाहरणं आहेत. जुलै २०१७ मध्ये बीएसएनएलच्या ग्राहकांचे हजारो मोडेम व्हायरसने बंद पाडले. त्यांचा आतला पासवर्ड कारखान्यातून आला तसाच होता, आणि तो बदला, असं बीएसएनएलला ग्राहकांना सांगावं लागलं. त्याआधी ब्राझीलमध्ये २०११ च्या सुमारास ४५ लाखांच्या आसपास मोडेमची सेटिंग चोरांनी बदलली होती. लोक बँकेचा बरोबर पत्ता टाकत होते आणि पोहोचत होते चोरांच्या खोट्या पानावर. २०१६ मध्ये मिराय नावाच्या व्हायरसने जगभरचे सीसीटीव्ही कॅमेरे आणि राउटर अशाच तयार पासवर्डने ताब्यात घेतले. गोठ्यावर आणि अंगणावर कॅमेरे लावणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं : कॅमेऱ्याचाही वेगळा पासवर्ड असतो, तोही बदलावा लागतो.

म्हणजे वायफायवरून बँकेतले पैसे जातात का?

इथे उगाच घाबरवणारे मेसेजही फिरतात. शेजाऱ्याने वायफाय वापरलं म्हणून त्याला कुणाचा यूपीआय पिन दिसत नाही. बँकेचं ॲप आणि बँकेचा सर्व्हर यांच्यातली माहिती स्वतंत्र कुलूपबंद होऊन जाते. पैसे जातात ते बहुतेक वेळा माणसाला फसवून : खोटी लिंक, खोटं केवायसी, लग्नपत्रिकेच्या नावाखाली आलेली एपीके फाइल. त्याला वायफाय जबाबदार नाही.

वायफायचा खरा धोका वेगळा आहे. कनेक्शन आपल्या नावावर आणि वापर दुसऱ्याचा, हा एक. डब्याची सेटिंग कुणी बदलली तर घरातला प्रत्येक मोबाइल एकदम चुकीच्या रस्त्याला लागतो, हा दुसरा. आणि घरातला कॅमेरा बाहेरच्याला दिसतो, हा तिसरा.

मग स्पीड कुठे जातो?

आता पहिल्या तक्रारीकडे. प्लॅन १०० चा, मग सिनेमा डाउनलोड व्हायला इतका वेळ का? पहिला घोळ आकड्याचा आहे. कंपनी सांगते १०० एमबीपीएस आणि मोबाइल फाइल दाखवतो एमबीमध्ये. १०० ला ८ ने भागायचं, म्हणजे सेकंदाला साडेबारा एमबी. यात फसवणूक नाही, मोजमाप वेगळं आहे. सरकारी व्याख्येत तर जानेवारी २०२३ पासून किमान २ एमबीपीएस मिळालं तरी त्याला ब्रॉडबँड म्हणता येतं, म्हणून प्लॅन घेताना आकडा लेखी विचारून घ्यावा. "अनलिमिटेड"मध्येही ठरावीक जीबी संपल्यावर वेग किती उतरतो, तेही विचारावं.

दुसरा घोळ वाटणीचा. एका एचडी व्हिडिओला साधारण ५ एमबीपीएस लागतात. ४० च्या प्लॅनवर घरातले चार मोबाइल आणि एक टीव्ही आरामात चालतात. त्याच कनेक्शनवर शेजारची तीन घरं, पडवीत बसणारी पोरं आणि दोन खोल्यांचे भाडेकरू बसले की रात्री नऊनंतर फिरणारं चक्र बघत बसावं लागतं. शिव्या खातो केबलवाला. पासवर्ड बदलला की स्पीड वाढतो, हा अनेक घरांचा अनुभव त्यामुळेच आहे.

तिसरा घोळ जागेचा. केबल जिथून आत आली तिथेच डबा लटकतो, बहुतेकदा दरवाजाच्या वर किंवा कोपऱ्यात. वायफायची लहर चारही बाजूंना जाते, म्हणजे कोपऱ्यातल्या डब्याची निम्मी ताकद रस्त्याला आणि अंगणाला जाते. आतल्या खोलीत रेंज नाही आणि बाहेरच्या कट्ट्यावर फुल्ल, ही तक्रार अशीच तयार होते.

डबा कुठे ठेवावा

घराच्या मध्यावर, छातीच्या उंचीपेक्षा वर, मोकळ्या जागी. लोखंडी कपाट, फ्रीज, मोठा आरसा आणि पाण्याची टाकी लहर अडवतात. टीव्हीच्या मागे किंवा शोकेसच्या आत डबा दिसत नाही, पण चालतही नाही. आरसीसीच्या घरात अडथळा जास्त, कारण स्लॅबमध्ये सळया असतात. खालच्या मजल्यावरचा डबा वरच्या मजल्याला पुरत नाही तो यामुळे.

वरच्या मजल्यासाठी बाजारातला स्वस्त रिपीटर घेण्याआधी विचार करावा. असे बरेच रिपीटर आलेली लहर पुढे ढकलताना वेग जवळपास निम्मा करतात. त्यापेक्षा खालच्या डब्यापासून वर लॅनची वायर न्यावी आणि तिथे दुसरा राउटर लावावा. घराचं बांधकाम चालू असेल तर विजेच्या पाइपाबरोबर यासाठी वेगळा पाइप आत्ताच टाकून घ्यावा, नंतर भिंत फोडावी लागते.

डब्यावर दोन नावं दिसतात, एकाच्या शेवटी ५जी असं असतं. मोबाइलच्या ५जी शी त्याचा संबंध नाही. एक २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा, दुसरा ५ गिगाहर्ट्झचा. २.४ म्हणजे लाल डब्याची एसटी : हळू, पण वाडीपर्यंत जाते. ५ म्हणजे शिवनेरी : सुसाट, पण गावात शिरत नाही. टीव्ही आणि लॅपटॉप डब्याजवळ असतील तर ५ वर जोडावेत, लांबचा कॅमेरा २.४ वर. करंजाडे, कामोठ्यासारख्या दाटीच्या भागात २.४ वर शेजारच्या वीस डब्यांची गर्दी असते, तिथे ५ चा फरक लगेच कळतो.

डोंगराकडेच्या गावांचा प्रश्न वेगळा आहे. माथेरान आणि प्रबळगडाच्या पायथ्याच्या वाड्यांत मोबाइलची रेंज डोंगर अडवतो. टॉवरवरून हवेतून येणारं घरगुती कनेक्शन घ्यायचं असेल, तर पैसे भरण्याआधी आपल्याच छपरावर चाचणी करून दाखवायला सांगावी. शक्य असेल तिथे फायबरची वायर केव्हाही बरी. फक्त ती काटकोनात वाकवू नये, आत काच असते. डब्यावर एलओएसचा लाल दिवा लुकलुकला तर सहसा वायर तुटलेली किंवा निसटलेली असते. अशा वेळी सेटिंगशी खेळत बसू नये, थेट तक्रार नोंदवावी.

आणि वीज. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगडमध्ये खांबांबरोबर तारा आडव्या झाल्या. एरवीही पावसाळ्यात लाइट गेली की नेट जातं, कारण डबा बंद पडतो. तो १०-१५ वॅटच खातो. राउटरसाठी मिळणारा छोटा १२ व्होल्टचा यूपीएस त्याला काही तास पुरतो.

खोल्या भाड्याने देणाऱ्यांनी काय करावं

"दादा, वायफाय आहे ना?" या प्रश्नाला हो म्हणण्याचे दोन मार्ग आहेत. भाडेकरूला त्याच्या स्वतःच्या नावावर कनेक्शन घ्यायला सांगावं, हा सगळ्यात सरळ. आधार त्याचं, जबाबदारी त्याची.

दुसरा मार्ग, स्वतःचं कनेक्शन वाटून महिन्याला पैसे घेणं. हे चालतं सगळीकडे, पण घरगुती कनेक्शन असं परस्पर विकायची परवानगी नसते. कायदेशीर रस्ता पीएम-वाणीचा आहे. डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने ही योजना मंजूर केली. किराणावाला, चहावाला, चाळमालक असा कुणीही त्यात परवाना शुल्क न भरता सार्वजनिक वायफाय केंद्र चालवू शकतो. वापरणाऱ्याची ओळख ॲपमधून नोंदली जाते, म्हणजे कोण बसलं होतं याची नोंद राहते. अशा केंद्रांना कनेक्शन कंपन्या महागात देतात ही तक्रार होती. जून २०२५ मध्ये ट्रायने २०० एमबीपीएसपर्यंतच्या प्लॅनसाठी घरगुती दराच्या दुपटीची मर्यादा घातली. खोल्यांचा धंदा करणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून बघायला हरकत नाही.

पाहुण्यांसाठी मात्र एवढं करायची गरज नाही. बहुतेक डब्यांत "गेस्ट नेटवर्क" असतं. त्याचं नाव वेगळं, पासवर्ड वेगळा आणि ते घरातल्या कॅमेऱ्याला, संगणकाला जोडलेलं नसतं. लग्न, हळद, गणपती झाले की ते बंद करून टाकायचं. पाहुण्याला नाही म्हणायची वेळ येत नाही.

केबलवाला घरात असतानाच करून घ्यायची कामं

१. वायफायचा पासवर्ड स्वतः टाकावा, त्याला टाकू देऊ नये.

२. डब्याच्या आतला "ॲडमिन" पासवर्ड बदलून वहीत लिहून ठेवावा. आत जायचा पत्ता डब्याखालच्या लेबलवर असतो. काही कंपन्या हे आपल्या ॲपमधूनच करू देतात.

३. सुरक्षा प्रकार डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ आहे का ते बघावं. "ओपन" किंवा "डब्ल्यूईपी" असेल तर ते दारच नाही.

४. बटण दाबून जोडायची डब्ल्यूपीएस सोय बंद करावी. बाहेरून सेटिंग बदलायची सोय, म्हणजे रिमोट मॅनेजमेंट, कंपनीला लागत नसेल तर तीही बंद.

५. अपडेट आपोआप होतं का ते विचारावं.

६. डबा मध्यावर नेण्याइतकी वायर जास्त सोडायला सांगावी.

७. निघण्याआधी डब्याजवळ आणि शेवटच्या खोलीत ट्रायच्या मायस्पीड ॲपवर वेग मोजून दाखवायला सांगावा.

ज्यांचं कनेक्शन जुनं आहे त्यांनी आधी कंपनीच्या ॲपमध्ये किंवा डब्याच्या सेटिंगमध्ये "जोडलेली उपकरणं" ही यादी उघडावी. घरात सहा मोबाइल आणि यादीत एकोणीस नावं, असं दिसलं तर पासवर्ड बदलायची वेळ झालेली आहे. बदलल्यावर टीव्ही, कॅमेरा, प्रिंटर पुन्हा जोडावे लागतात. अर्धा-पाऊण तास जातो. शेजारी दोन दिवस रुसतात.

आपल्या कनेक्शनवरून काही गैरप्रकार झाल्याचा संशय आला, किंवा पोलिसांचा फोन आला, तर डबा रीसेट करून सगळं पुसून टाकू नये. कुणाकुणाकडे पासवर्ड होता, यादीत कोणती उपकरणं दिसत होती, याचे स्क्रीनशॉट उपयोगी पडतात, कारण "मी नव्हतो" हे दाखवायला तेच हाताशी असतं. पैशांची फसवणूक झाली असेल तर १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करावा, जितका उशीर तितके पैसे पुढे सरकतात. आणि फोनवरून "तुमच्या वायफायवरून गुन्हा झालाय, केस मिटवायला पैसे पाठवा" असं कुणी म्हणालं, तर ती फसवणूकच समजावी. पोलीस यूपीआयवर पैसे मागत नाहीत, आणि व्हिडिओ कॉलवर अटक करण्याची तरतूद कोणत्याही कायद्यात नाही.